स्वातंत्र्याच्या सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसभेला येणारे व न येणारे समस्त ग्रामस्थ,
कृष्णाकाठच्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती.

विषय : पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत एक नोंदवही सुरू करण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला तलाठी आहे. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माझ्या वेळी तलाठीच होतं, आणि गावात अजूनही तेच चालतं.) एकतीस वर्षं सातबारे लिहिले, आधी शाईने आणि शेवटची काही वर्षं संगणकावर. नोकरीमुळे दर पंधरा ऑगस्टला कुठल्या ना कुठल्या गावच्या झेंड्याखाली उभा राहिलो. तुमच्यापैकी बऱ्याच गावांत हुतात्मा स्मारक आहे, ऐंशीच्या दशकात सरकारने बांधलेलं. त्या दिवशी त्याचं कुलूप निघतं, जळमटं झाडली जातात, फरशी धुतात, पाटीवरची नावं वाचून दाखवतात, पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटतात आणि दुपारच्या आत कुलूप परत लागतं. कुलपाबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याने छातीवर गोळी घेतली त्याचं नाव दगडात असावं, ठळक असावं. माझं म्हणणं त्या नावांच्या खाली जी मोकळी जागा राहते तिच्याबद्दल आहे.

सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव एकीकडे असतं आणि दुसरीकडे एक रकाना असतो, 'इतर हक्क'. विहिरीतली पाण्याची पाळी, कुणाची वहिवाट, बहिणीचं नाव, सोसायटीचा बोजा, असं सगळं त्यात असतं. जमीन घ्यायला आलेला शहाणा माणूस मालकाचं नाव नंतर वाचतो, इतर हक्क आधी वाचतो. त्या जमिनीत कुणाकुणाचा जीव अडकलाय ते तिथे कळतं. देशाच्या स्वातंत्र्याचा सातबारा मात्र आपण असा लिहून ठेवलाय की भोगवटादाराच्या जागी पुढारी आणि हुतात्मे, आणि इतर हक्काचा रकाना कोरा.

हे मला कुठल्या पुस्तकात सुचलं नाही, आजीमुळे सुचलं.

माझी आजी १९४३ साली वाळवा तालुक्यातल्या एका मळ्यावर नवी नवरी म्हणून नांदायला आली. तिचं नाव कुठल्याही यादीत नाही, आणि असावं असं तिला कधी वाटलंही नाही. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. गावात कुणाला तरी स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन मंजूर झाल्याची बातमी मी घरी सांगितली, तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. सहज म्हणाली, "त्यो व्हय, आमच्या उसात असायचा." मी चमकलो. "म्हंजे तुमी पण चळवळीत हुता?"

"आमी काय केलं रं? भाकरी केली. भाकरी तर रोजचीच हुती."

किती भाकऱ्या, असं मी विचारलं. खात्याची सवय, आकडा लागतो. ती म्हणाली, "मोजल्या न्हाईत. मोजायच्या न्हाईत आसं सासूनं बजावलं हुतं. मोजलं की त्वांडात आकडा ऱ्हातो. पोलिसानं धमकावलं की आदी आकडाच भाईर पडतो."

मग शेंगा तशाच ठेवून ती बोलत राहिली, आणि मला कळलं की ज्याला ती 'रोजचीच भाकरी' म्हणते त्यात किती अक्कल होती. रात्री जातं ओढायचं नाही, कारण रात्री जातं वाजलं की शेजारची वस्ती कान टवकारते. म्हणून पहाटे नेहमीपेक्षा घटकाभर आधी उठायचं, आणि ओव्या म्हणत दळायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं हिचं रोजचंच चाललंय. चूल अवेळी पेटवायची नाही. धूर लांबून दिसतो. संध्याकाळच्या चुलीवरच जास्तीच्या भाकऱ्या भाजून घ्यायच्या, उसातली माणसं त्या गारच खाणार. कोरड्यास म्हणून खरडा नाहीतर घट्ट पिठलं. पातळ काही द्यायचं नाही. सांडलं तर वाटेवर माग राहतो. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या वैरणीच्या भाऱ्यात घालायच्या आणि भारा डोक्यावर घेऊन बैलाकडे निघाल्यासारखं निघायचं. भारा घेऊन बाई गोठ्याकडून उसाकडे उलटी का चाललीय, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. ते उत्तर मात्र तिने मला सांगितलं नाही. म्हणाली, "त्ये कधी लागलंच न्हाई."

मी नंतर बसून हिशेब केला. उसात दहा माणसं धरली, माणशी दोन वेळच्या पाच भाकऱ्या, म्हणजे पन्नास. पाच-सहा किलो पीठ, तेही हाताने दळलेलं. आणि हे लढाईचे दिवस. धान्याची लेव्ही लागलेली, घरातली पोती मोजायला सरकारी माणूस येणार. त्या मळ्यावर आधीच खाणारी तोंडं अकरा होती. पन्नास भाकऱ्यांचे दाणे कुणाच्या ताटातून कमी झाले? आजी यावर काही बोलली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

आता या एका चुलीच्या मागे जो इतिहास आहे, त्याची उजळणी करतो. तुम्हाला माहीत आहे, पण भाषणात तो घाईत उरकला जातो.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ तारीख उजाडायच्या आत बडे पुढारी गजाआड गेले. म्हणजे चळवळ सुरू झाली तीच पुढाऱ्यांवाचून. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, ज्यातून पुढे १९४९ साली आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला, लोक तालुक्याच्या कचेऱ्यांवर चालून गेले. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. तासगावच्या कचेरीवर तिरंगा चढला. वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण पडले. इस्लामपुरात उमाशंकर पंड्या हा तरुण इंजिनिअर गेला. ही नावं पाट्यांवर आहेत. त्या मोर्चांना आजूबाजूच्या गावांतून लोक पायी आले होते, खांद्यावर धडप्यात भाकरी बांधून. जे गोळी न लागता संध्याकाळी परत घरी पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले त्यांची नावं कुठेच नाहीत. (आणखी एक कबुली : हे मोर्चे आमच्याच खात्याच्या दारात आले होते. मामलेदार कचेरी म्हणजे तेव्हा गावाला दिसणारं सरकार.)

मोर्चांवर गोळ्या चालल्यावर माणसं भूमिगत झाली, आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत या भागात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, चाललं. लोक त्याला पत्री सरकार म्हणायचे. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे म्होरके. ते येडेमच्छिंद्रचे, आणि चळवळीत यायच्या आधी तलाठी होते. आमच्या खात्यातला हा एकच माणूस मी कौतुकाने सांगतो. कुंडलला जी. डी. बापू लाड, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी, तुफान सेना, गावोगावची न्यायदान मंडळं, वाजंत्री आणि कर्ज टाळून लावलेले गांधी-विवाह हे सगळं त्या तीन-चार वर्षांतलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेचा पगार घेऊन जाणारी गाडी लुटली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा.

पोवाड्यात लूट येते. मला त्या लुटीच्या अलीकडचं-पलीकडचं ऐकायचं असतं. कृष्णाकाठची पोरं खानदेशात गेली, तिथली भाषा वेगळी, वाटा अनोळखी. तिथे त्यांना कुणाच्या ओसरीवर झोपायला मिळालं? मागे पोलीस लागलेले असताना पहिला तांब्या पाणी कुणी दिलं? आणि नाना पाटलांना चार वर्षं इंग्रज सरकार पकडू शकलं नाही, डोक्यावर बक्षीस लावूनही. एवढा धिप्पाड आणि खड्या आवाजाचा माणूस, गावोगाव सभा घेणारा, तो लपला कसा? त्यांना लपवलं गावांनी. ज्या ज्या वस्तीवर ते एक रात्र राहिले, तिथल्या पोरासोरांना ते कोण हे ठाऊक होतं. बक्षीस कुणालाही घेता आलं असतं.

इथे एक गंमत आहे, कडू म्हणा. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा ताम्रपट दिले गेले आणि केंद्राची पेन्शन सुरू झाली. १९८० मध्ये तिला सन्मान योजनेचं रूप आलं. तिच्या अटी ढोबळमानाने अशा : सहा महिने तुरुंगवास, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. किंवा सहा महिन्यांवर भूमिगत असल्याचा, आपल्यावर वॉरंट किंवा बक्षीस असल्याचा पुरावा. सरकारी पैसा द्यायचा तर कागद मागावाच लागतो, मीही आयुष्यभर तेच केलं. पण नीट बघा. तुरुंगवासाचा दाखला कुणाकडे असणार? जो पकडला गेला त्याच्याकडे. वॉरंट कुणाच्या नावाने? ज्याचं नाव पोलिसांना कळलं त्याच्या. आजीने तिचं काम इतकं चोख केलं की तिच्याविरुद्ध इंग्रजांच्या दफ्तरात एक ओळ लिहिली गेली नाही. ती जरा गबाळी असती, भाकऱ्यांचं फडकं वाटेत पडलं असतं, जमादाराने दोन दिवस चावडीत बसवलं असतं, तर आज मला दाखवायला निदान एक कागद तरी असता.

सामान्य माणसाचं नाव सरकारी कागदात त्या काळी एकाच कारणाने हमखास यायचं, ते म्हणजे दंडाच्या वसुलीत. १९४२ साली सरकारने सामुदायिक दंडाचा वटहुकूम काढला. तारा तुटल्या, चावडी जळली, की दंड अख्ख्या गावावर. कुणी केलं ते गावाने सांगावं नाहीतर घरटी पैसे भरावेत. गावांनी पैसे भरले. भांडी विकून भरले, दागिने गहाण टाकून भरले, पण नाव सांगितलं नाही. तशा वसुलीचे जुने कागद तुमच्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात कुठे उरले असतील, तर शोधा. वाळवीने खायच्या आत.

मी गावांची आरती ओवाळतोय असं समजू नका. गावं मी फार जवळून पाहिली आहेत. उसात भाकरी पोचवणारी घरं होती तशीच फितूरही होते, आणि दोन्ही कधीकधी एकाच भावकीतले. काही घरांनी देशप्रेमाने भाकरी दिली, काहींनी भिडेने, काहींनी भीतीने. बंदूकधारी चार माणसं रात्री दारात उभी राहिली तर नाही कोण म्हणणार? माझ्या आजीच्या सासूचं नेमकं कुठलं कारण होतं, मला सांगता येणार नाही. पत्री सरकारच्या नावावर कुणीकुणी बांधाचे जुने हिशेब चुकते केले, हेही म्हातारी माणसं आवाज खाली घेऊन सांगतात. ते लिहावं की नाही याबद्दल माझं मत आहे की लिहावं. भीतीने दिलेल्या भाकरीनेही पोट भरलं आणि माणूस पुढच्या गावी गेला. ती नोंद वेगळ्या शाईने लिहायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट, जी स्मारकाच्या भाषणात हमखास गाळली जाते. गावात नवा माणूस आला की पोलीस पाटलाला कळवायचं, सरकारी टपाल पोचवायचं, रात्रीची गस्त घालायची, ही कामं वतनी होती. ती करणारे तराळ, रामोशी हे गावकुसाच्या कडेला राहणारे लोक. सरकारच्या कानाला सगळ्यात जवळचे तेच. त्यांच्यापैकी एखाद्याने निरोप द्यायला मुद्दाम अर्धा दिवस लावला, वाटेत पायात काटा मोडल्याचं सोंग केलं, तर तेवढ्या वेळात उसातली माणसं नदी ओलांडून जात. अशा गोष्टी मी तीन वेगवेगळ्या गावांत ऐकल्या, आणि तिन्ही गावांत सांगणारा वरच्या आळीतला होता आणि त्याला त्या तराळाचं नाव आठवत नव्हतं. भूमिगतांची नावं, त्यांच्या बैलांची नावं, घोडीचं नाव आठवत होतं.

हे फक्त आमच्या कृष्णाकाठचं नाही, म्हणून पत्र साऱ्या महाराष्ट्राला लिहितोय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरचं बघा. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मिरवणुकीवर गोळीबार झाला, जमाव भडकला, अधिकारी मारले गेले आणि मग लष्कर-पोलीस गावात घुसले. पुढच्या दिवसांत तिथल्या बायकांवर जे गुदरलं त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भणसाळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केलं, आणि ते नाव योग्य रीतीने इतिहासात आहे. पण चौकशी मागायला आधी कळायला तर हवं. गावातल्या बायकांनी बाहेरून आलेल्या माणसांसमोर, अब्रूची पर्वा न करता, झालेलं बोलून दाखवलं. आमच्याकडे तोंड मिटणं हे काम होतं, तिथे तोंड उघडणं.

किंवा महाड. मी देशाची उभारणी १९४२ पासून मोजत नाही, आणि ती फक्त इंग्रजांविरुद्ध झाली असंही मानत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि परत येऊन मंडपात जेवायला बसले असताना त्यांच्यावर लाठ्या घेऊन लोक धावून आले. अन्न मातीत तुडवलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेसाठी परत महाडला जमायचं ठरलं, तेव्हा मंडप घालायला कुणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या एका स्थानिक मुसलमान गृहस्थाने. तलाठी म्हणून सांगतो, गावाच्या रोषाला न भिता आपली जमीन अशा कामाला देणं म्हणजे काय ते गावात राहणाऱ्यालाच कळतं. तिथे मनुस्मृती जाळली गेली ते सगळ्यांना माहीत आहे. जमीन कुणाची होती ते किती जणांना माहीत आहे?

मुंबईची मंडळी म्हणतील की आमच्याकडे भाकऱ्या आणि ऊस नव्हता. तुमच्याकडे फेब्रुवारी १९४६ होता. १८ तारखेला 'तलवार' या नौदल केंद्रातल्या नौसैनिकांनी संप केला, तोच मुळी निकृष्ट जेवणावरून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून. जहाजांचं रसद-पाणी तोडलं गेलं तेव्हा शहरातले लोक गेटवेवर खाण्याच्या टोपल्या घेऊन गेले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेच्या वर माणसं मेली. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्यांचं नाव उरलं. त्या टोपल्यांमध्ये काय होतं आणि त्या कुणाच्या घरातून निघाल्या, हे लिहून ठेवायला तेव्हा कुणाला सवड नव्हती.

तर माझी मागणी.

नवं स्मारक मागत नाही. शिल्प, कमान, कोनशिला, मंत्रिमहोदय, काहीच नको. खर्च एका दोनशे पानी वहीचा. तिला नाव द्या, 'इतर हक्क नोंदवही'. आणि ती आम्ही जमिनीच्या नोंदी जशा घेतो तशीच घ्या, कारण त्या पद्धतीइतकी शहाणी पद्धत मला दुसरी माहीत नाही. फेरफाराची नोंद म्हणजे गाव नमुना सहा. कुणी येऊन सांगतो, अमुक झालं. तलाठी ते लिहितो. मग चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवस. ज्याला हरकत आहे त्याने यावं. हरकत आली तर ती नमुना सहा-अ मध्ये जाते, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. आमच्या खात्यात भांडणालाही स्वतःची वही आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

तुमच्याकडे मंडळ अधिकाऱ्याच्या जागी ग्रामसभा. कुणीही यावं आणि सांगावं की माझ्या आजीने, चुलत्याने, शेजाऱ्याने, गड्याने अमुक केलं. लिहून घ्या : नाव, काम, जागा, सांगणारा कोण. काम नेमकं लिहा. 'स्वातंत्र्यलढ्यात मोलाचं योगदान दिलं' असं कुणी सांगू लागला तर पेन खाली ठेवा आणि विचारा, म्हणजे काय केलं? निरोप नेला? कुठून कुठे? नावेतून पार केलं? बंदूक कणगीत ठेवली? जखम धुतली? खोटं नाव सांगून पोलिसाला दुसऱ्या वाटेने पाठवलं? तेवढंच लिहा. विशेषणं लावू नका. मग यादी चावडीवर पंधरा दिवस लावा.

हरकती येतीलच. यायलाच हव्यात. "त्याचा बाप कसला भूमिगत, तो तर खबऱ्या होता," असं कुणी म्हणेल. तेही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. नाव द्यायला तयार नसेल तर लिहू नका. दोन्ही बाजू वहीत राहू देत, निकाल द्यायची घाई कुणाला आहे?

दोन सूचना अनुभवातून. एक, सुरुवात महिला ग्रामसभेत करा. नियमाप्रमाणे ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांपुरती होते हे मला आणि तुम्हाला दोघांना माहीत आहे. या वेळी खरोखर घ्या. भाकरी, जखमा, निरोप, लपवाछपवी या गोष्टींची आठवण सासूकडून सुनेकडे आलेली असते, बापाकडून मुलाकडे नाही. माझ्या वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांच्या आईने त्यांना कधी सांगितलंच नाही. दुसरी सूचना, गावकुसाबाहेरच्या आळ्यांत वही घेऊन स्वतः जा. त्यांना चावडीवर बोलावू नका. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चावडीवर फक्त हुकूम ऐकायला बोलावलं, ती माणसं तिथे मनातलं बोलतील ही अपेक्षा करणं चूक.

आणि जरा घाई करा. तेव्हा जे दहा वर्षांचं पोर होतं ते आज नव्वदीच्या पुढे आहे. मी ज्या तीन गावांत तराळाची गोष्ट ऐकली, त्यातले दोन सांगणारे गेले.

वारसाची नोंद घ्यायला आमच्याकडे सहा-क ची वही असते. मयताचं नाव कमी करून वारसांची नावं चढवायची. लोक त्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालतात, कारण पुढे जमीन असते. या वहीतल्या नोंदीपुढे जमीन नाही, पेन्शन नाही, आरक्षण नाही, दाखला नाही. त्यामुळे कुणी खेटे घालणार नाही. तुम्हालाच उठून जावं लागेल.

रिकामी वही कुणी आधी उघडत नाही, म्हणून पहिली नोंद माझ्याकडून देतो. माझ्या गावच्या ग्रामपंचायतीने ती दाखल करून घ्यावी.

नोंद क्र. १. काम : सन १९४३ ते १९४५ या काळात मळ्यालगतच्या उसात राहणाऱ्या भूमिगतांना वेळोवेळी भाकरी, खरडा व पिठलं पोचवलं. भाकऱ्यांची संख्या : मोजली नाही. करणार : अर्जदाराची आजी, मयत. सांगणार : स्वतः आजी, अर्जदाराच्या समक्ष, शेंगा फोडताना. लेखी पुरावा : नाही.

हा मसुदा मी घरात वाचून दाखवला, तर आताच एक हरकत आली आहे. माझ्या चुलतीचं म्हणणं, भाकऱ्या थापल्या सगळ्या आजीच्या थोरल्या जावेने, म्हणजे चुलतीच्या सासूने. माझी आजी तेव्हा नवी नवरी, तिच्याकडे फक्त भारा न्यायचं काम होतं, आणि पुढे ती थापण्याचंही श्रेय घेऊ लागली. चुलती सही करायला तयार आहे. कृपया तिची हरकत सहा-अ च्या धर्तीवर नोंदवून घ्यावी आणि दोघींनाही नोटीस काढावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त तलाठी